हँबर्गचा खोकला

बाळंतपणाच्या वॉर्डात नोकरी केलेल्या माझ्या मैत्रिणींचं बरं असतं. बारशाला गेल्या की एक किस्सा, डोहाळजेवणाला गेल्या की दोन. ऐकणारेही खूश. मी ज्या वॉर्डात होते तिथले किस्से असे चारचौघांत काढता येत नाहीत. पंगतीत कुणी टीबीचं नाव घेतलं की शेजारची बाई हळूच पाट मागं सरकवते. मग सांगायचं राहून जातं. राहून राहून किती साठलंय ते आज तुम्ही विचारलंत तेव्हा कळतंय. आठवेल तसं सांगते. सगळ्यांत आवडता मात्र शेवटी.

दिवस मोठ्या दुष्काळाचे, बाहत्तर-त्र्याहत्तरचे. नगरला सावेडीच्या पलीकडे तेव्हा नुसता माळ होता आणि त्या माळावर आमचा छातीच्या रोगांचा लहानसा दवाखाना. पुरुषांची एक बरॅक, बायकांची एक, मध्ये मोकळं पटांगण, कोपऱ्यात एक्स-रेची खोली आणि मागे नर्सेसची क्वार्टर्स. क्वार्टर्स दोघींसाठी होती. पण माझ्या आधीची सिस्टर लग्न करून गेली आणि तिच्या जागी यायला कुणी तयार होईना. त्यामुळे दुसरी खाट माझ्या वाळलेल्या कपड्यांना झाली.

*

मी रुजू झाले तो दिवस. एसटी स्टँडवरून टांगा केला. ट्रंक, वळकटी आणि मी. दवाखान्याचं फाटक लांबून दिसायला लागल्याबरोबर टांगेवाल्यानं लगाम ओढला.

"बाई, हितंच उतरा. घोडं म्होरं जात न्हाई."

"का?"

"बिचकतंय. वास येतो त्याला."

मी उतरले. तो माझी वळकटी सोडवत होता, तेवढ्यात घोड्यानं मान वर केली. फाटकाच्या आत, आमच्या स्वयंपाकघराचं सांडपाणी जायचं तिथं हिरवंगार गवत होतं. त्या वर्षी नगरमध्ये तेवढं हिरवं दुसरीकडे कुठं असेल असं वाटत नाही. घोडं निघालं ते टांग्यासकट फाटकातून आत, आणि पुरुषांच्या बरॅकसमोर उभं राहून चरायला लागलं.

टांगेवाला फाटकाबाहेरून हाका मारत राहिला. आत पाऊल टाकायला तयार होईना. पेशंट व्हरांड्यात येऊन मजा बघत होते. शेवटी त्यांच्यातल्याच एकानं लगाम धरून घोडं बाहेर आणून दिलं. टांगेवाल्यानं आधी धोतराच्या सोग्यानं लगाम पुसला, मग हातात घेतला.

घोडं बिचकत नव्हतं, एवढं मला पहिल्याच दिवशी कळलं.

*

माझी आई आणि भाऊ संगमनेरला. आई माझ्यासाठी स्थळं बघत होती. एकदा रजा काढून गेले, कांदेपोह्यांचा कार्यक्रम ठरला होता. मुलगा शाळेत मास्तर, सोबत त्याची आई आणि मामा. सगळं छान चाललेलं. मामा म्हणाले, "मुलगी नोकरी करते म्हणे?"

आई घाईनं म्हणाली, "हो, सरकारी दवाखान्यात नर्स आहे."

"कुठल्या?"

आईनं माझ्याकडं पाहिलं. मी सांगितलं.

मुलाच्या आईनं बशी खाली ठेवली. मग पदर सारखा केल्यासारखं करून तो नाकावर घेतला आणि तिथंच धरून ठेवला. पुढचा सगळा वेळ त्या पदराआडूनच बोलल्या. "मुलगी चांगली आहे हो. शांत आहे. आम्ही कळवतो."

ती मंडळी गेल्यावर भावानं तीन भरल्या बश्या आत नेल्या. आई म्हणाली, "सुमे, तू खोटं बोलली असतीस तर?"

मी म्हटलं, "लग्नानंतर खोकले असते तर?"

आई हसली. मीही हसले. मग दोघींनी मिळून ते गार पोहे खाल्ले. तेवढंच त्या दिवशीचं जेवण.

*

आता सावळेराम. आमच्या वॉर्डातला सगळ्यात दूरवर जाऊन आलेला पेशंट. पारनेर तालुक्यातला. पोटासाठी मुंबईला गोदीत गेला, गोदीतून आगबोटीवर चढला, आणि इंजिनच्या खोलीत काम करत दुनिया हिंडला. चाळिशीचा, काटकुळा, बोलायला मोठा गोड माणूस.

पहिल्या दिवशी आमच्या डॉक्टरांनी त्याला विचारलं, "हा रोग कुठं लागला असेल, काही अंदाज?"

तो विचारात पडला. "साहेब, बोटीवर खाली आमी समदे एकाच खोलीत. एकाची पाळी संपली की त्याच्या ऊन गादीवर दुसऱ्यानं पडायचं. झरोका न्हाई, काय न्हाई. एक मलबारी खोकायचा. तो कोलंबोला उतारला. मग एक गोवेकर खोकाय लागला. तो एडनला उतारला. मग मी."

"आणि तू कुठं उतरलास?"

"हँबर्गला. उतारलो म्हंजे, उतरवला."

जर्मनीत त्याला मोठ्या इस्पितळात ठेवलं, एकट्याला, काचेच्या खोलीत. बाहेरचं सगळं दिसायचं, ऐकू काही यायचं नाही. नर्सबाई तोंडाला फडकं बांधून यायच्या. तिथं महिनोन् महिने काढले त्यानं. बरा वाटल्यावर कंपनीनं विमानात बसवून पाठवून दिला. विमानातही त्याच्या शेजारच्या खुर्च्या रिकाम्या ठेवल्या होत्या म्हणे.

आमच्या बरॅकमध्ये त्याला खाट दिली तेव्हा तो सगळ्यांकडे बघत बसला. इकडून एक खोकला, तिकडून दुसरा. मी विचारलं, "झोप लागेल ना या आवाजात?"

"लागंल की, शिस्टरबाई," तो म्हणाला. "लई दिसांनी मानसांत खोकतोय."

*

पण हँबर्ग आणि आमची बरॅक यांच्या मधला काळ वाईट होता. मायदेशी आल्यावर तो थेट गावी गेला. औषधं सोबत दिलेली होती. ती खाऊन पित्त व्हायचं आणि अंगात तर बरं वाटत होतं, म्हणून त्यानं ती बंद केली. विलायतेहून आलेला माणूस म्हटल्यावर घरोघरी बोलावणी. थंडीचे दिवस, दारं लावून, शेकोटीभोवती लोक त्याच्या गोष्टी ऐकत बसायचे. बर्फ कसा पडतो, बोट आली की पूल कसा उघडतो. तो सांगायचा आणि मधेमधे खोकायचा. लोक म्हणायचे, तिकडच्या थंडीनं झालंय.

तो आमच्याकडे भरती झाल्यावर डॉक्टर जीप घेऊन त्या गावी गेले. त्याच्यासोबत कोण कोण बसलं होतं त्या सगळ्यांची छाती तपासायची होती. मीही बरोबर होते. आदल्या महिन्यात ज्या गावात 'सावळेराम आधी आमच्याकडं चहा प्यायला' यावरून भांडणं झाली होती, त्या गावात आता तो कुणाच्याच घरी गेला नव्हता.

"सावळेराम? न्हाई बा. आमच्या दारावरनं गेला आसंल."

"आमी त्याला तोंडवळखीनं वळखतो, बास."

चावडीपुढं आम्ही सतरंजी टाकून बसलो, पण कुणी फिरकलं नाही. ऊन डोक्यावर आलं तेव्हा एक म्हातारी काठी टेकत आली. गावाच्या कडेला एकटी राहणारी, मुलं मुंबईला.

"माज्याकडं आल्ता तो," ती म्हणाली. "भाकरी खाल्ली, गोष्टी सांगितल्या. रोज यायचा. मला तपासा."

डॉक्टरांनी तपासलं, थुंकी घेतली, जीपमधून नगरला आणून तिचा एक्स-रेही काढला. तिच्या छातीत काही नव्हतं. डॉक्टरांनी तसं सांगितलं तेव्हा तिनं हात जोडले.

"मग त्याला धाडून द्या परत," ती म्हणाली. "माज्याकडं दुसरं कोन येतंय."

*

त्या गावातून काही दिवसांनी एक पेशंट मात्र आली. सावळेरामची बायको, हौसाबाई. मूलबाळ नव्हतं. नवरा बोटीवर असताना तिनं वर्षानुवर्षं एकटीनं घर सांभाळलं, आणि नवरा दवाखान्यात गेल्यावर दुष्काळी कामावर खडी फोडायला जायला लागली. म्हणून आम्ही गावात गेलो त्या दिवशी ती भेटली नव्हती. खोकला सुरू झाला तेव्हा तिला वाटलं, खडीची धूळ गेली असेल. रक्त पडल्यावर मुकादमानं कामावरून घरी पाठवलं आणि शेजारणीनं पाण्याचा हंडा वेगळा ठेवायला सांगितलं. तेव्हा ती आली.

तिच्या फुप्फुसात पोकळी पडली होती. नवऱ्यापेक्षा तिचं दुखणं जास्त होतं.

नाव-गाव विचारून झाल्यावर मी म्हटलं, "सावळेरामला सांगते तुम्ही आलात ते."

"कशाला?" ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, साधा होता. "लोकं सायबाच्या देशातनं घड्याळं आनत्यात, रेडू आनत्यात. ह्यांनी मला खोकला आनला."

त्यानंतर ती सावळेरामशी बोलली नाही. कुणी मध्ये पडलं तरी नाही, तो समोर येऊन उभा राहिला तरी नाही.

*

दवाखान्यात दर रविवारी भेटीची वेळ असायची. दुष्काळात सगळे कामावर, त्यामुळे येणारे थोडेच, आणि आलेले तारेच्या कुंपणापाशी उभे राहून मोठ्यानं बोलायचे. "बरं हाय का?" "बरं हाय." "येतो मग." झाली भेट.

सावळेरामची भेट पटांगणापलीकडे होती आणि ती बोलत नव्हती. म्हणून मधली फेरी माझ्याकडे आली.

"शिस्टरबाई, जेवली का इचारा."

मी पटांगण ओलांडून विचारायची. हौसाबाई म्हणायची, "सांगा, शिस्टर जेवल्या."

"अहो, तुमचं विचारतोय तो."

"मी जेवले ह्ये तुमाला म्हाईत हाय. तुमीच वाढलं."

त्यानं केळी पाठवली की ती शेजारणीला द्यायची. त्यानं त्याची घोंगडी पाठवली, ती घडी करून उशाला ठेवली, पांघरली नाही. पण परतही केली नाही. मी हे सावळेरामला सांगितलं तर तो दिवसभर खुशीत.

माझी ड्यूटी संपली की मी क्वार्टर्समध्ये जायची, स्टोव्ह पेटवायची, एकटीचा भात टाकायची. बोलायला भिंत. मग दिवसभरात मी त्या दोघांचं काय काय इकडून तिकडे नेलं ते आठवत बसायची. खरं सांगू का, त्या वर्षी मी जे काही बोलले त्यातलं निम्मं दुसऱ्याचंच होतं.

*

आणि मग आमच्याकडे गोरी पेशंट आली. नाव उर्सुला. बायकांच्या बरॅकनं पहिल्याच सकाळी तिची उर्मिला करून टाकली. बावीस-तेवीस वर्षांची, सोनेरी केसांच्या जटा झालेल्या, अंगात ताप. जर्मनीहून बसनं, ट्रकनं, तुर्कस्तान, इराण, काबूल करत ती हिंदुस्थानात आली होती आणि नगरजवळ एका आश्रमात राहिली होती. खोकल्यातून रक्त आल्यावर आश्रमवाले तिला आमच्या दारात सोडून गेले. थुंकीत जंतू होते तोवर कुठलंही विमान तिला घेणार नव्हतं. त्यामुळे ती आमची झाली.

तिची खाट हौसाबाईच्या शेजारी, खिडकीकडची.

बायकांत चर्चा सुरू झाली. एक म्हणाली, हिनं तिकडनं रोग आणला. दुसरी म्हणाली, आपल्याकडंच लागला असणार, धर्मशाळेत झोपायची म्हणे. डॉक्टर राउंडला आले तेव्हा त्यांनाच विचारलं. ते म्हणाले, "बसमध्ये लागला असेल, काबूलच्या खानावळीत लागला असेल, आपल्या रेल्वेत लागला असेल. खोकणाऱ्याशेजारी दार बंद करून बसलं की झालं. गाव कुठलं का असेना."

हौसाबाई शेजारच्या खाटेवरून ऐकत होती. तिनं उर्सुलाकडं पाहिलं आणि म्हणाली, "माजा हिच्या देशातला हाय. हिचा माज्या देशातला आसंल. फिट्टंफाट झाली."

आणि आपल्या पेल्यातलं दूध तिनं उर्सुलाच्या पेल्यात अर्धं ओतलं.

*

उर्सुला पहिले काही दिवस कुणाशी बोललीच नाही. माझं इंग्रजी मोडकं, तिचंही तसंच. भिंतीकडं तोंड करून पडून राहायची. जेवण तसंच परत जायचं. डॉक्टरांना काळजी वाटायला लागली होती.

मी सहज सावळेरामला म्हटलं, "तू तिच्या देशात राहून आलास. तुला येतं का काही त्यांच्यातलं?"

"रामराम घालता येतो," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून, केसांना पाणी लावून तो बायकांच्या बरॅकच्या खिडकीबाहेर येऊन उभा राहिला. हौसाबाईनं त्याला पाहून पाठ केली. त्यानं उर्सुलाकडं बघून हात जोडले आणि अगदी अदबीनं म्हणाला, "हुस्टेन, बिट्टे."

उर्सुला ताडकन उठून बसली. त्याच्याकडे बघत राहिली.

त्याला वाटलं ऐकू गेलं नाही. परत हात जोडून, जरा मोठ्यानं, "हुस्टेन, बिट्टे."

ती हसायला लागली. हसता हसता तिला खोकल्याची उबळ आली, डोळ्यांत पाणी आलं, तरी हसतच होती. मी धावले. म्हटलं, काय म्हणाला तो? तिनं धाप लागत सांगितलं, "ही सेज, प्लीज कफ."

कृपया खोका.

मी सावळेरामला सांगितलं तेव्हा तो ओशाळला. "हँबर्गला नर्सबाई रोज सकाळी यायच्या, हातात ती थुंकायची वाटी धरायच्या, आन् पयलं ह्येच म्हनायच्या. मला वाटलं त्यांच्यात रामराम आसाच घालत्यात. मी बी त्यांला रोज उलटून तसंच म्हनायचो."

तो रामराम मग आमच्या दवाखान्यात सगळ्यांनी उचलला. सकाळी बरॅकमध्ये गेलं की खाटाखाटांवरून हात जोडलेले. डॉक्टरांना सुद्धा. डॉक्टर गंभीरपणे उलट नमस्कार करायचे.

उर्सुला त्या दिवशी जेवली. सावळेराम रोज सकाळी खिडकीशी येऊन तेवढे दोन शब्द म्हणून जायचा, ती तेच दोन शब्द परत म्हणायची. तिच्या भाषेत बोलणारं इथं दुसरं कुणी नव्हतं आणि त्यालाही दुसरं काही येत नव्हतं.

पुढं तिचे वडील आले. थुंकी साफ झाली होती. ते तिला मोटारीनं मुंबईला घेऊन गेले. जाताना ती बायकांच्या गळ्यात पडून रडली. टीबीच्या पेशंटला तसं कुणी जवळ घेतल्याचं त्या दवाखान्याबाहेर मी पाहिलं नव्हतं. खिडकीकडची खाट रिकामी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी सावळेराम सवयीनं खिडकीपाशी आला, हात जोडले, आणि तसाच थोडा वेळ उभा राहून परत गेला.

हौसाबाईनं त्या दिवशी पाठ केलेली नव्हती. पण बोललीही नाही.

*

आता शेवटचा. हौसाबाई बरी झाली हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही जीव टांगून ऐकणार नाही.

तिच्या फुप्फुसातली पोकळी भरली की नाही ते बघायचं होतं. भरली नसेल तर पुण्याला नेऊन ऑपरेशन, फासळ्या काढायच्या. ते ऐकून तिनं अन्न टाकलं होतं. एक्स-रे स्पष्ट यायला हवा होता आणि तो येत नव्हता. एक्स-रेची खोली अंधारी, लोखंडाची गार पाटी छातीला लावायची, वर यंत्राची घरघर. ती तिथं उभी राहिली की कापायला लागायची. एक्स-रे काढायला आमचे पठाणकाका होते, म्हातारे, मायाळू, पण आवाज खणखणीत. ते "श्वास रोका" म्हणाले की तिचा श्वास आणखी पळायचा. दोनदा फिल्म काढली, दोन्ही वेळा धुरकट. दुष्काळात फिल्मही मोजून यायच्या. डॉक्टर म्हणाले, "आजची वाया गेली तर मी पुण्याचं ठरवतो."

मी तिला धरून आत नेलं. पाटीला छाती लावून उभी केली. तिचे खांदे थडथडत होते. पठाणकाका आपला आवाज शक्य तेवढा खाली आणून म्हणाले, "बाई, फक्त एक श्वास."

तिनं मान हलवली. जमत नाही म्हणून.

बाहेरच्या बाकावर सावळेराम त्याच्या नंबरासाठी बसला होता. तो उठून दारात आला. मी त्याला बाहेर थांबायची खूण केली. तो थांबला, चौकटीतच. पठाणकाकांनी त्याच्याकडं पाहिलं आणि त्याला राहू दिलं.

"हौसे," तो म्हणाला. "मी हितं हाय, दारात. इकडं बघू नको. म्होरं बघ."

तिनं समोर पाहिलं.

"वाईच दम खा. घाई न्हाई कुनाला. हां. आता घे श्वास. सावकाश. आजून घे."

तिचे खांदे वर चढताना मला दिसले.

"आता धर."

तिनं धरला. खांदे थांबले. यंत्र घरघरलं, खट्ट झालं, आणि शांत झालं. फिल्म निघाली होती. पठाणकाकांनी माझ्याकडं बघून मान डोलावली. पण तिला कुणी सांगितलंच नाही. ती तशीच, गार पाटीला बिलगून, समोरच्या अंधारात बघत उभी.

"सोडू का आता?" तिनं विचारलं.

पठाणकाकांना नाही. मलाही नाही.

सावळेरामनं चौकट धरली होती. तो म्हणाला, "सुटला की गं. बोललीस न्हवं तू."